तुमचं नक्की की माझं नक्की

हात हातात घेतला की कोच तो लवकर सोडत नसत. त्यांच्या उजव्या हातात तुमचा हात, वरून त्यांचा डावा, आणि मधे तुमची बोटं पोळीत भाजी गुंडाळावी तशी गुंडाळलेली. मग तुमच्या डोळ्यांत पाहून ते म्हणत, "माझा शब्द आहे, मॅम." गवत कापायचं यंत्र दुरुस्त करून देण्याबद्दल असो, नाहीतर कुणाच्या मुलाचं आयुष्य मार्गी लावण्याबद्दल असो, हात तोच, वाक्य तेच आणि त्याचं वजनही तेवढंच.

बाळांनो, परवा तुम्ही अ‍ॅशबर्नहून फोनवर मला सांगत होतात, की तुमच्या आवडत्या कॉलेज टीममधल्या एका मुलाला जाहिरातीचे इतके पैसे मिळाले की त्यानं आईला घर घेऊन दिलं. तुम्हाला त्याचं कौतुक वाटलं, मलाही वाटलं. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याशी नुसती उभी होते. खेळाडूच्या आईच्या डोक्यावर छप्पर राहावं एवढ्याचसाठी आमच्या समोरच्या घरातला एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत संपला. तुमच्या आईला ते अंधुक आठवत असतील. तिला दोन चाकांची सायकल त्यांनीच शिकवली.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांचीही मुलंबाळं कुठेतरी असतील. सगळे त्यांना कोच म्हणत, आपणही तसंच म्हणू. आणि हे मराठीत लिहिते आहे, कारण या गोष्टीतला एक शब्द मराठी आहे. आईकडून वाचून घ्या. मी क्रमानं सांगते.

ऐंशीच्या दशकातली ही हकीकत. टेक्सासमधल्या प्लेनोतली आमची गल्ली तेव्हा इतकी नवी होती की झाडांना काठीचा आधार लागे. तुमचे आजोबा इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत इंजिनिअर होते. मी पुण्याहून इंग्रजीत एम. ए. होऊन आलेली. जवळच्या एका खाजगी कॉलेजात मला अर्धवेळ नोकरी मिळाली, ती अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना निबंध लिहायला शिकवायची. ही मुलं परीक्षेत पास झाली नाहीत तर त्यांना खेळता येत नसे, म्हणून कॉलेजनं शिकवण्या ठेवल्या होत्या. टेक्सासच्या मुलांना इंग्रजी शिकवायला पुण्याची बाई, याची आजोबांना फार गंमत वाटे. "इंग्रजांचा पुरता सूड घेतलास तू," ते म्हणायचे.

कोच त्याच टीममध्ये होते, पण मुख्य प्रशिक्षक नव्हते. लहान लहान गावांत जायचं, तिथल्या शाळांतली चांगली खेळणारी मुलं हेरायची, आणि त्यांच्या आयांना पटवून ती आपल्या कॉलेजात आणायची, हे त्यांचं काम. "मुलगा काय, तो कुणालाही हो म्हणतो," ते मला सांगत. "आईनं हो म्हणायला हवं. आणि आई हो म्हणते ते जेवण झाल्यावर."

त्यामुळे कुणाच्याही घरी पानात पडेल ते निमूट खायची त्यांना सवय होती. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी ठेचा ही काहीतरी साधी चटणी असावी अशा समजुतीनं चमचाभर तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, पण चेहरा हसरा. पान स्वच्छ झाल्यावर म्हणतात, "थोडं आणखी मिळेल का, मॅम?"

आजोबा मराठीत पुटपुटले, "अगं, आता नको देऊस, समोरच्या घरात बायको वाट बघत असेल."

त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला शनिवारच्या सामन्याचं आमंत्रण दिलं. आजोबांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण घरी आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? "डेफिनेटली," आजोबा म्हणाले. मीही म्हटलं, "डेफिनेटली." आपल्याकडे निघता निघता "या हं एकदा जेवायला" असं कुणी म्हटलं की आपण "हो हो, नक्की" म्हणतो, आणि त्यानंतर कुणीही कुणाकडे जात नाही. त्यातलंच हे. त्या शनिवारी आम्ही मित्रांकडे महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या तालमीला गेलो.

संध्याकाळी परतलो तर कोच आमच्या दाराशी उभे. अजून टीमचाच शर्ट अंगात, चेहरा उतरलेला. मला वाटलं, सामना हरले असतील. सामना त्यांनी जिंकला होता.

"तुम्ही ठीक आहात ना?" त्यांनी विचारलं. "मी दोन हॉस्पिटलांत फोन केला."

त्यांच्या बायकोनं आमच्या दोन खुर्च्यांवर पर्स आणि स्वेटर ठेवून सबंध सामना त्या अडवून धरल्या होत्या. डेफिनेटली म्हणालेली माणसं आली नाहीत, म्हणजे वाटेत अपघातच झाला असणार, याखेरीज दुसरं कारण त्यांना सुचलं नव्हतं.

आजोबांनी खूप सारवासारव केली. शेवटी खरं सांगितलं, की आमच्या भाषेत एक शब्द आहे, नक्की. त्याचा अर्थ डेफिनेटली असाच आहे, पण तो दोन प्रकारे वापरतात. एक खरा, आणि एक नुसता बरं वाटावं म्हणून.

"आणि ऐकणाऱ्याला कसं कळतं, कुठला आहे ते?"

"कळतं," आजोबा म्हणाले. "म्हणजे, सगळ्यांनाच कळतं."

कोचनी जरा विचार केला आणि मग इतके मोठ्यानं हसले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. तेव्हापासून तो शब्द त्यांच्या तोंडी बसला. 'नक्खी' म्हणत. आम्ही कशालाही हो म्हटलं की भुवया उडवून विचारत, "तुमचं नक्खी की माझं नक्खी?"

आता थोडं रुक्ष सांगावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉलेजात खेळणाऱ्या मुलांना त्या काळी फी, खोली, पुस्तकं आणि जेवण एवढंच मिळे. त्यापलीकडे कुणाकडून काही घेणं नियमाविरुद्ध होतं. सगळ्या कॉलेजांच्या खेळांवर देखरेख ठेवणारी एक संस्था होती, ती पकडलं तर शिक्षा करी. आणि तरीही सगळीकडे चोरून पैसे दिले जात. कॉलेजचे श्रीमंत माजी विद्यार्थी, तेलवाले, बिल्डर, आपली टीम जिंकावी म्हणून हे पैसे पुरवत. शनिवारी साठ-सत्तर हजार लोक ज्या मुलाला तिकीट काढून बघायला येतात, त्याची आई ज्या घरात भाड्यासाठी रडत असते, त्या घरात जाऊन नियम सांगणं कठीणच होतं. मला यातलं तेव्हा काही माहीत नव्हतं. पुढे कोचनीच सांगितलं.

माझ्या वर्गात वेस्ली नावाचा एक मुलगा होता. पूर्व टेक्सासच्या पाइनच्या जंगलातल्या गावाहून कोचनी आणलेला. एवढा रुंद की दारातून येताना आधी खांदा तिरका करायचा. त्याच्या निबंधात पूर्णविराम नसे. एकच वाक्य पानभर चाले.

"वाक्य संपवत का नाहीस?" मी विचारलं.

"मॅम, संपवलं की दुसरं सुरू करावं लागतं."

त्याची आई हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करी. कोच तिच्या घरी गेले तेव्हा तिनं त्यांना एकच गोष्ट विचारली होती: खेळ जाऊ दे, हा डिग्री घेईल का? कोचनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि शब्द दिला. वेस्ली डिग्री घेऊनच घरी येईल, आणि तोवर घराचं भाडं टीमकडे लागलं. त्याच वेळी त्यांनी वेस्लीकडूनही शब्द घेतला होता, की या भाड्याबद्दल तो कुणापाशी बोलणार नाही.

दुसऱ्या वर्षी सरावात वेस्लीचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण पहिला वेग काही परत आला नाही. शिष्यवृत्ती दर वर्षी नव्यानं मंजूर होई, आणि खेळत नसलेल्या मुलाची ती सहज बंद करता येत असे. कोच त्यासाठी मुख्य प्रशिक्षकांशी भांडले. माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसू लागले. वेस्लीनं पूर्णविराम दिला की मागून "थॅट्स माय बॉय" असा आवाज यायचा, आणि मला पुढचा अर्धा तास वर्ग आवरावा लागायचा.

मग पहिली शिक्षा झाली. संस्थेला पैशांचा पत्ता लागला. टीमचे टीव्हीवरचे सामने बंद झाले, नव्या शिष्यवृत्त्या कमी झाल्या, आणि बजावलं गेलं, की पुन्हा सापडलात तर टीमच बंद करू. आता सगळं थांबलं पाहिजे, हे कुणालाही कळलं असतं. पण ज्या मुलांना आधीच कबूल केलं होतं त्यांचं काय करायचं?

त्या उन्हाळ्यात कोचच्या परसात जेवण होतं. शेगडीवर मांस भाजत होतं, आम्ही आपलं मक्याचं कणीस खात एका बाजूला उभे होतो. सापाच्या कातडीचे बूट घातलेला एक बिल्डर कोचच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "ज्या मुलांना आपण शब्द दिलाय त्यांचं शेवटपर्यंत बघायचं. डेफिनेटली." कोचचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं, पुस्तकांबद्दल वगैरे काही बोलणं असेल.

घरी येताना आजोबा म्हणाले, "ह्या माणसाचं डेफिनेटली मला फार ओळखीचं वाटलं गं."

त्यानंतर तेलाचे भाव कोसळले. आमच्याच गल्लीच्या टोकाला अर्धी बांधलेली घरं तशीच उभी राहिली, लाकडी सांगाडे पावसात काळे पडत गेले. आजोबांच्या कंपनीतूनही माणसं कमी झाली. तेव्हाच कधीतरी कोचच्या ड्राइव्हवेतली मासे पकडायची होडी दिसेनाशी झाली. होडी त्यांची फार लाडकी होती. मी विचारलं तर म्हणाले, "हल्ली मासेच चावत नाहीत, मॅम." काही महिन्यांनी ट्रकही गेला. त्यांची बायको मॉलमध्ये कामाला लागली. सकाळी ती त्यांना कॉलेजात सोडायची, दुपारी ते कुणाच्या तरी गाडीतून परत यायचे. कधी कुणी मिळालं नाही तर हमरस्त्याच्या कडेनं चालत. प्लेनोत चालणारा माणूस दिसला की लोक गाडी थांबवून विचारत, काही मदत हवी आहे का? कोच हसून हात हलवत आणि चालत राहत.

एका दुपारी ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मी भाजी निवडत होते. त्यांनीही एक काडी उचलून पानं खुडली. मग म्हणाले, "त्याचं नक्खी तुमच्यासारखं निघालं, मॅम."

बिल्डर कर्जात बुडाला होता आणि फोन घेत नव्हता. त्यानं द्यायचे ते पैसे किती तरी महिने कोच स्वतः देत होते. बाकीच्या मुलांनी समजून घेतलं होतं, किंवा चिडून बोलणं टाकलं होतं. पण वेस्लीच्या आईचं भाडं कोचनी एकदाही चुकवलं नव्हतं. होडी त्यात गेली होती, ट्रक त्यात गेला होता. आता घरावर दुसरं कर्ज मिळतं का, ते पाहत होते. हे सगळं त्यांनी माझ्याकडे न बघता, मेथीच्या जुडीकडे बघत सांगितलं.

"मग थांबवा ना," मी म्हटलं. "नियमही तेच सांगतो."

"नियम सांगतो थांब. त्या बाईला मी सांगितलं, थांबणार नाही. दोघांपैकी कुणापुढे मी खोटा पडू ते सांगा, मॅम. तुम्ही शिकलेल्या आहात."

 मी चहा टाकला. त्यांनी तो घेतला नाही. वाढलेलं न घेता ते आमच्या घरातून गेले, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

आजोबांना संध्याकाळी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हा माणूस बुडणार. आणि पोहता येत असून बुडणार."

पुढच्या हिवाळ्यात संस्थेची माणसं परत आली. टीममधलाच एक नाराज मुलगा पैशांबद्दल टीव्हीवर बोलला होता. ती एकेका खेळाडूला खोलीत बोलावून विचारू लागली. त्यांनी मुलांना सांगितलं होतं, की खरं बोललात तर दुसऱ्या कॉलेजकडून खेळू देऊ. लपवलंत आणि नंतर कळलं, तर कुठेच खेळता येणार नाही.

वेस्लीची पाळी दुसऱ्या दिवशी होती. तो माझ्या वर्गात आला तेव्हा त्याच्या हातात वही नव्हती. मागोमाग कोच आले. मी उठून जाऊ लागले तर वेस्ली म्हणाला, "मॅम, थांबा. प्लीज."

मग तो कोचना म्हणाला, "मी काय सांगू?"

"त्यांनी विचारलं की खरं सांग."

"मी तुम्हाला शब्द दिलाय."

"हो. दिलायस."

"मग?"

कोच टेबलाशी उभे होते. त्यांनी खिशातून हात काढला, परत घातला. आयुष्यभर लोकांकडून शब्द घेतले होते आणि लोकांना दिले होते, पण दिलेल्या शब्दातून माणसाला बाहेर कसं काढायचं, हे त्यांनी कधी केलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले.

"मॅम, तुमच्याकडे दोन दोन नक्खी आहेत. यालाही काहीतरी म्हणत असाल. कुणी शब्द दिला आणि आपल्याला तो परत करायचा असला तर काय म्हणतात?"

"मोकळं करतात," मी म्हटलं. "तू मोकळा आहेस, असं म्हणतात."

त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. 'ळ' त्यांना येईना. शेवटी वेस्लीकडे बघून म्हणाले, "मोकला. यू हिअर, सन? तू मोकला."

वेस्ली रडायला लागला. एवढा मोठा मुलगा रडत असताना कुठे बघावं ते कळत नाही. मी फळा पुसत राहिले.

वेस्लीनं खरं सांगितलं. इतर मुलांनीही सांगितलं. कोचना बोलावलं तेव्हा त्यांनी स्वतः जे केलं तेवढं कबूल केलं आणि दुसऱ्या कुणाचंही नाव घेतलं नाही. बिल्डरचंसुद्धा नाही. "नाव घेणार नाही, असं मी त्याला बोललो होतो," एवढंच त्यांचं कारण. बिल्डर त्यानंतरही गावात राजरोस फिरत होता.

शिक्षा जाहीर झाली. पुढचा अख्खा हंगाम रद्द, एकही सामना नाही. कोचची नोकरी गेली आणि कुठल्याच कॉलेजनं त्यांना ठेवून घेऊ नये असं सांगण्यात आलं. ज्या मुलांनी पैसे घेतल्याचं कबूल केलं होतं त्यांच्या शिष्यवृत्त्या पुढे चालू ठेवायच्या नाहीत, असं कॉलेजनं ठरवलं. दुसऱ्या कॉलेजनं खेळायला उचललं तरच त्यांचं शिक्षण पुढे जाणार होतं. वेस्लीची डिग्री आता त्याच्या गुडघ्यावर आली होती.

शिक्षा जाहीर झाली त्या आठवड्यात देशभरातल्या कॉलेजांचे प्रशिक्षक आमच्या कॉलेजात उतरले. रंगीबेरंगी टोप्या, हातात कागदांचे गठ्ठे. चांगल्या मुलांभोवती घोळका जमे, मुलगा जिन्यात दिसला की चौघं त्याच्याकडे धावत. कोचना आवारात पाय ठेवायला बंदी होती. म्हणून ते रस्त्यापलीकडे पॅनकेकच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभे राहत. पाहुणे जेवायला तिथे येत. मीही गाडी तिथेच लावत असे, म्हणून मी ते पाहिलं.

कोचनी सूट घातला होता. शेजारी वेस्ली, आखूड चड्डीत, थंडी असूनही. एक तरुण प्रशिक्षक गाडीतून उतरला, तसे कोच त्याच्यापुढे गेले. त्यांनी हात पुढे केला, पण त्या तरुणाच्या दोन्ही हातांत सामान होतं.

"एक मिनिट, सर. फक्त गुडघा बघा. पूर्ण वाकतो. वेस्ली, बस."

वेस्ली गाड्यांच्या मधे उकिडवा बसला.

"ऊठ. बस. बघा, आवाजसुद्धा येत नाही. ऊठ."

आपल्याकडे गुरांच्या बाजारात बैल चालवून दाखवतात, ते मी लहानपणी पाहिलं होतं. तिथे निदान विकणारा बैलाच्या पाठीवर हात तरी ठेवतो. कोचना तेवढंही भान नव्हतं. त्यांचा आवाज चढत चालला होता. "मुलगा वर्गात येतो. निबंध लिहितो. विचारा त्याच्या टीचरला, त्या बघा तिथे उभ्या आहेत."

मी पुढे होऊन सांगितलं की हो, चांगला लिहितो. त्या तरुणानं सभ्यपणे मान हलवली.

"आम्ही फोन करू," तो म्हणाला. "डेफिनेटली."

कोचनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. तरी ते वेस्लीला म्हणाले, "आणखी एकदा. बस."

"कोच," वेस्ली म्हणाला, "पुरे."

फोन कुणाचाच आला नाही. कोच दिवसदिवस फोनपाशी बसून राहत. आमच्याही फोनवरून ते लहान लहान कॉलेजांना फोन करत, कारण बिल न भरल्यामुळे त्यांच्या फोनवरून बाहेरगावचे फोन लागत नव्हते. जिथे टीममध्ये जेमतेम माणसं होती अशाही कॉलेजांनी गुडघ्याचं ऐकून नाही म्हटलं, किंवा कोचचं नाव ऐकून.

पुढचं थोडक्यात सांगते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांची बायको ओक्लाहोमाला बहिणीकडे गेली ती परतली नाही. घर बँकेनं घेतलं. एका सकाळी तुमची आई शाळेला निघाली तर समोरच्या दाराला कुलूप आणि हिरवळीवर विक्रीची पाटी. आम्ही बऱ्याच जणांकडे चौकशी केली. कुणी म्हणे न्यू मेक्सिकोत एका शाळेत बस चालवतात, कुणी म्हणे तेलाच्या विहिरींवर आहेत. खरं काय ते मला आजही माहीत नाही. पण त्यांचं शेवटचं म्हणून मला आठवतं ते हे कुलूप नाही. त्याच्या आधीच्या एका रविवारचं ते आहे.

वेस्लीला घरी पोचवायचं होतं. कोचकडे गाडी नव्हती, म्हणून त्यांनी आजोबांना विचारलं. बसनं मुलाला एकट्याला पाठवून देणं त्यांना मान्य नव्हतं. "तिच्या दारातून मी त्याला आणलं. परत मीच नेणार." मग आजोबांनी गाडी काढली, मी पुढे, मागे ते दोघं. आमची छोटी जपानी गाडी, वेस्लीचे गुडघे त्याच्या हनुवटीला लागत होते. आजोबांनी एकदा विनोद करून पाहिला. कुणी हसलं नाही. दोन्ही बाजूंनी पाइनची झाडं सुरू झाली तशी कोचनी टाय बांधला.

वेस्लीची आई बुटकी, शांत बाई होती. रविवारची चर्चची टोपी अजून डोक्यावर. तिनं आम्हाला बसवलं, बर्फ घालून चहा दिला. कोच बसले नाहीत. उभ्यानं त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता: कुठल्या कॉलेजांना विचारलं, कोण काय म्हणालं, आणि या महिन्यापासून भाडंही त्यांच्याच्यानं होणार नाही. "मॅम, मी तुम्हाला शब्द दिला होता," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. तिनं स्वतःचे हात मांडीवरच ठेवले.

"तू खरं सांगितलंस त्या लोकांना?" तिनं मुलाला विचारलं.

"यस मॅम."

"मग जा, जेवून घे. ओव्हनमध्ये ठेवलंय."

तो आत गेला. मग तिनं सोफ्याच्या वर भिंतीकडे बोट केलं. तिथे फोटोंची रांग होती, वेस्लीचे शाळेतले, कुणा आजी-आजोबांचे. आणि मधोमध एक खिळा. त्यावर काही नव्हतं.

"तो तुम्ही ठोकलात," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी, जेवण झाल्यावर. माझ्याकडून हातोडी मागून घेतलीत आणि म्हणालात, डिग्री इथे लागेल, जागा धरून ठेवा. लोक मला विचारतात, इथे काय लावायचंय. जाताना तो काढून न्या, कोच."

ती हे रागानं म्हणाली नाही. पाहुणा छत्री विसरून चालला तर त्याला सांगावं, तसं म्हणाली.

कोच भिंतीपाशी गेले. हातोडी त्यांनी मागितली नाही. दोन बोटांच्या चिमटीत खिळा धरून ओढून पाहिला, मग दोन्ही हातांनी. भिंतीचा चुरा सोफ्याच्या पाठीवर पडला. आजोबा हळूच म्हणाले, "गाडीत पक्कड आहे." कोचनी ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आतून वेस्लीच्या काट्याचा ताटलीवर आवाज येत होता.

"राहू द्या," जरा वेळानं वेस्लीची आई म्हणाली. तिनं तळहातानं सोफ्यावरचा चुरा गोळा केला. "कॅलेंडर लावीन."

कोच थांबले नाहीत. आता आम्ही तिथे बसून राहणं बरं नव्हतं. मी आजोबांना खूण केली, आम्ही तिला नमस्कार करून बाहेर गाडीत जाऊन बसलो. ऊन होतं. आजोबांनी किल्ली लावली आणि गाडी सुरू केली नाही. जाळीच्या दारातून कोच दिसत होते, आमच्याकडे पाठ, अंगात सूट, दोन्ही हात भिंतीला. खिळा त्यांनी फार घट्ट बसवला होता.